सामुराई म्हणजे नुसता योद्धा नव्हे

‘द लास्ट सामुराई’ हा २००३ सालचा सिनेमा पाहून एका मैत्रिणीने विचारलं आहे: “आईला नाव मराठीत सांगताना मी ‘शेवटचा योद्धा’ म्हटलं, पण मनाला पटेना. सामुराई म्हणजे योद्धाच ना? आणि ‘शेवटचा’ म्हणायचं की ‘शेवटचे’?”

पटलं नाही ते बरोबरच. जपानीत योद्ध्याला ‘बुशी’ असा वेगळा शब्द आहे. ‘बुशिदो’, म्हणजे योद्ध्याचा मार्ग, हा शब्द त्यावरूनच आला. ‘सामुराई’ निघाला तो ‘साबुराउ’ या जुन्या क्रियापदावरून. त्याचा अर्थ थोरामोठ्यांच्या सेवेत हजर राहणे. आधीचं रूप ‘साबुराई’, पुढे ‘ब’चा ‘म’ झाला. सुरुवातीला हा शब्द सरदार-दरकदारांच्या वाड्यावर तैनातीत असणाऱ्या माणसांसाठी होता. तलवार त्याला पुढे चिकटली.

मराठीत याची अगदी सख्खी जोडी आहे. हजर, हजेरी, हुजूर हे शब्द एकाच अरबी धातूचे. त्याच घरातला ‘हुजऱ्या’ धन्याजवळचा साधा नोकर, आणि ‘हुजरात’ म्हणजे राजाच्या किंवा पेशव्यांच्या खास तैनातीतली फौज. हजर राहण्यातून एकीकडे चाकर घडला, दुसरीकडे लढवय्या. जपानीत हे दोन्ही एकाच शब्दात नांदले, म्हणून ‘योद्धा’ म्हटलं की अर्धा अर्थ सांडतो. धनी गमावलेल्या सामुराईला जपानीत ‘रोनिन’ म्हणतात, शब्दशः ‘लाटेवरचा माणूस’. हातात तलवार तीच, अंगात कसब तेच, पण ज्याच्यापुढे हजर राहायचं तो उरला नाही की माणसाचं नावच बदलतं!

सामुराईंचा तनखाही तांदळात मोजत. त्याचं माप ‘कोकू’, म्हणजे ढोबळमानाने एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ. आपण ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ म्हणतो. सामुराईच्या इभ्रतीचं मूळ मला तिथेच दिसतं.

मग मराठी शब्द कोणता? ‘शिलेदार’ चालणार नाही. तो स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन चाकरीला येई; त्या शब्दात धन्याशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेपण नाही. मला जवळचा वाटतो तो ‘पाईक’. मुळात पायदळातला शिपाई, पण तुकोबांनी पाइकावर अभंग रचले त्यांत लढणं आणि निष्ठा एकजीव झाली आहे. आजही आपण ‘विचारांचा पाईक’ म्हणतो. अडचण एवढीच की सामुराई हा वरचा, मानाचा वर्ग होता आणि घोड्यावरून लढत आला होता. म्हणून नावात ‘सामुराई’च ठेवावं, आणि आईला समजावताना ‘पाईक’ म्हणावं.

आता ‘सामुराई’ हा शब्द मराठीत चालवायचा कसा? ‘शिपाई’सारखा. एक शिपाई, सात शिपाई. तसंच एक सामुराई, सात सामुराई. ‘सामुरायाने’, ‘सामुरायांचा’ ही रूपं शिपायाच्या वळणाने आपोआप होतात. वर मी ‘सामुराईंचा’ लिहिलं, तेही कानाला खटकत नाही.

आता ‘शेवटचा’ की ‘शेवटचे’. जपानीत नामाला सहसा वचनाचा प्रत्यय लागत नाही, आणि इंग्रजी नावातही ते उघड होत नाही. मराठी विशेषण मात्र गप्प बसू देत नाही. सिनेमातला सामुराईंचा पुढारी कात्सुमोतो हा सैगो ताकामोरी या खऱ्या सामुराईवर बेतलेला आहे. मेजी सम्राटाच्या नावाने चालणारं जे नवं सरकार आणायला सैगो लढले, त्याच्याविरुद्धच्या बंडाचे ते पुढारी झाले आणि २४ सप्टेंबर १८७७ रोजी कागोशिमातल्या शिरोयामा टेकडीवर पडले. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १८७६ मध्ये, सरकारने तलवार बाळगायला बंदी केली आणि तनख्यांच्या जागी रोखे हातावर ठेवले. एक माणूस पडण्याआधीच अख्ख्या वर्गाची हजेरी संपली होती. म्हणून मी ‘शेवटचे सामुराई’ म्हणेन.