सोलापुरात एमआयडीसीत प्लॉट घ्यावा का? चिंचोळी की अक्कलकोट रोड, की सरळ दुकानगाळा?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे तुम्ही मूळचे सोलापूरचे, नोकरी पुण्यात, कर्ज धरून 65 लाखापर्यंत जमतायत. एजंट म्हणतोय चिंचोळी एमआयडीसीत मोकळा प्लॉट घ्या, पुणे हायवेला आहे, पाच वर्षांत डबल. वडील म्हणतायत अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जुनं शेड बघ, आणि सासरे म्हणतायत हे कारखान्याचं लफडंच नको, जुळे सोलापुरात गाळा घेऊन भाड्यानं दे. वर एजंटला रविवारपर्यंत 2 लाख टोकन पायजे.

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो. आमचे 12 माग होते, आधी चादर मग टॉवेल, 2014 ला ते किलोवर भंगारात गेले आणि आता त्याच पैशातून सुरू केलेलं युनिफॉर्म शिलाईचं युनिट आहे. या सगळ्या भानगडीत एक शेड विकलं, दोन घेतली, एकात तोंड पोळलं. वकील नाही, सीए नाही, त्यामुळं कायद्याचं जे सांगेन ते कागद दाखवून खात्री करून घ्या.

मोकळ्या प्लॉटचं आधी. एमआयडीसीत तुम्ही जमीन विकत घेत नसता, 95 वर्षांचा भाडेपट्टा घेत असता, आणि तो पट्टासुद्धा लगेच होत नाही. आधी नुसता करारनामा होतो, मग ठरलेल्या मुदतीत बांधकाम करायचं, बिल्डिंग कम्प्लिशन सर्टिफिकेट म्हणजे बीसीसी घ्यायचं, मग पक्की लीज डीड. मुदतीत बांधलं नाही तर मुदतवाढीचे पैसे भरत बसायचं, नाहीतर प्लॉट परत जायची टांगती तलवार. आता तुम्हीच सांगा, पुण्यात बसून "पाच वर्षं पडू दे, मग विकू" हा हिशोब तिथं कसा बसणार? एजंट जो मोकळा प्लॉट दाखवायलाय तो मोकळा का आहे हाच पहिला प्रश्न. बहुतेक वेळा उत्तर असं असतं की मूळ मालकाची मुदत संपत आलीय किंवा संपून गेलीय आणि त्याला ते ओझं कुणाच्या तरी गळ्यात घालायचंय. ट्रान्सफरला एमआयडीसीची परवानगी लागते, फी लागते, ती फी त्या वेळच्या त्यांच्या रेटवर काढतात आणि बीसीसी झालेलं नसेल तर जास्त बसते. ही फी कोण भरणार ते इसारपावतीत लिहिलं नाही तर ती तुमच्याच बोकांडी बसणार हे धरून चाला. भाड्यानं द्यायचं म्हटलं तरी परवानगी आणि पैसे आहेतच. आणि बँकेला कर्जासाठी एमआयडीसीची एनओसी लागते, त्यात वेळ जातो आणि तोवर इसाराची मुदत संपते, असंही बघितलंय.

आता माझं पोळलेलं तोंड. 2016 ला मी आणि मेव्हण्यानं मिळून एक शेड बघितलं. आत माग काढून नेलेले, फरशीवर जिथं मागाचे पाय होते तिथं तेलाचे काळे चौकोन, बाकी एकदम टकाटक, मागं पत्रा टाकून वाढवलेला भाग, तिथं सायझिंगचे बीम, म्हणजे खळ दिलेल्या सुताचे मोठे रूळ, ठेवायचे म्हणे. एजंटनं टेपनं मोजून दाखवलं, 4200 चौरस फूट, त्याच हिशोबानं भाव झाला. इसार दिला. कागद मागितले तर "मिळतील ओ, घरातलेच आहोत" असं चाललेलं. पुढं ट्रान्सफरच्या वेळी जागेवर मोजणी झाली तेव्हा कळलं की मंजूर नकाशात 3000 च फूट आहेत, मागचा सगळा पत्रा मार्जिनमध्ये, म्हणजे भोवती मोकळी सोडायच्या जागेत, बेकायदा टाकलेला. तो काढल्याशिवाय फाइल पुढं जाईना. विकणारा म्हणाला तुम्ही बघूनच घेतलंय की. शेवटी आम्हीच गॅस कटरवाला लावला, दोन दिवस तो भाग कापत होता, मेव्हणा बाहेर स्टुलावर बसून नुसता ठिणग्या बघत होता, एक शब्द बोलला नाही. 1200 फुटाचे पैसे चादरीच्या कारखान्याच्या भावानं दिले आणि लोखंड भंगाराच्या भावानं विकलं. वरून त्या शेडचं जुनं लाइट बिल थकलेलं निघालं. जागेची वीज थकबाकी नव्या मालकाच्या मागं लावता येते, सुप्रीम कोर्टानं 2023 ला त्यावर निकालही दिलाय, तेव्हा "ते मागच्याचं आहे" म्हणून सुटका होत नाही. मीटर नंबर घ्या आणि महावितरणला जाऊन स्वतः बाकी काढा, मंजूर लोड किती आहे तेही बघा, कारण मागाला पुरणारा लोड उद्या भाडेकरूच्या मशिनीला पुरेलच असं नाही.

म्हणून शेड बघायला जाताना टेप नको, मंजूर नकाशाची झेरॉक्स घेऊन जा. ती मालकाकडं नसेल तर तिथंच चहा पिऊन परत फिरा.

आता चिंचोळी की अक्कलकोट रोड. इथं माझं मत ठाम आहे आणि बऱ्याच जणांना पटत नाही. सोलापुरात शेडची किंमत हायवेवर ठरत नाही, तिथं कामाला कोण येऊ शकतं यावर ठरते. चिंचोळी वाईट नाही, केमिकल, इंजिनिअरिंग असली मोठी युनिटं तिथं व्यवस्थित चालतात, त्यांच्या बस असतात, माणसं मोहोळकडची पण येतात. पण आपल्यासारखा छोटा माणूस किंवा आपला होणारा भाडेकरू? मी एकदा शिलाईच्या 24 मशिनी तिकडं एका भाड्याच्या शेडात हलवल्या होत्या, भाडं कमी म्हणून. बायका सगळ्या पूर्व भागातल्या, कुचन नगर, नीलम नगर. टमटम लावून दिली मी. पहिल्या आठवड्यात सगळ्या आल्या, महिन्यात 9 उरल्या. एकीनं सरळ सांगितलं, "मालक, तुमी चांगलेच हाव, पण पोराची शाळा 12 ला सुटती आन मी तिथं हायवेच्या पलीकडं, त्यापेक्षा घरी बसून विड्या वळलेलं परवडतंय." काय बोलणार. तीन महिन्यांत मशिनी परत आणल्या.

उलट अक्कलकोट रोड बघा. पूर्व भाग चिकटून आहे, लोक सायकलवर, चालत येतात. आणि त्याच रस्त्यानं पुढं कुंभारीला विडी कामगार बायकांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे, 10 हजार घरांची, आणि तिथंच आता रे नगर, 30 हजार घरांची स्कीम, त्यातल्या 15 हजार घरांच्या चाव्या जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या. यंत्रमाग कामगार, विडी कामगार, शिलाईवाले असलेच सगळे लोक. इतकी कामाची माणसं एका रस्त्यावर राहायला आली तर त्या रस्त्यावरची शेडं रिकामी राहतील असं मला तरी वाटत नाही. एजंट लोक हे सांगत नाहीत कारण त्यांना हायवे, विमानतळ, आयटी पार्क एवढंच बोलता येतं. वडिलांचं ऐका हो, त्यांनी बहुतेक हे बघूनच सांगितलंय.

दिवाळीला याल तेव्हा एक दिवस सकाळी साडेसातला तिथं जाऊन उभे राहा, डबे घेऊन कोण कुठून येतंय बघा. मग परत दुपारी जा आणि आतल्या गल्लीत मोठा ट्रक वळतो का बघा. आमच्या गल्लीत 40 फुटी कंटेनर शिरत नाही, माल टेम्पोनं बाहेर नेऊन भरावा लागतो, प्रत्येक वेळी हमाली डबल. याचा भाड्यावर फरक पडतो. पाण्याचं पण विचारा, शहरात चार-पाच दिवसाआड पाणी ही काय नवीन गोष्ट नाही, बोअरला पाणी आहे का, उन्हाळ्यात टँकर किती लागतो. डाइंग-सायझिंगवाला भाडेकरू असेल तर प्रदूषण मंडळाची संमती त्याच्या नावानं आहे का ते कागदावर बघितल्याशिवाय चावी देऊ नका.

आणि आगीचं. मे 2025 ला अक्कलकोट रोड एमआयडीसीतच टॉवेल कारखान्याच्या आगीत 8 जण गेले, मालकाचं कुटुंब कारखान्यातच राहायला होतं. आख्खं सोलापूर हळहळलं. आपल्याकडं वर घर खाली माग ही जुनी सवय, आणि टॉवेलचा माल म्हणजे पेटला की थांबत नाही. जुनं शेड बघताना बाहेर पडायचे रस्ते किती, खिडक्यांना जाळ्या ठोकून बंद केल्यात का, वायरिंग कधीची आहे हे बघा. वर कुणी राहत असेल तर त्यांची सोय दुसरीकडं झाल्याशिवाय व्यवहार करू नका, भाव कितीही कमी असू दे.

सासऱ्यांच्या गाळ्याबद्दल फार लिहित नाही कारण तो सोपा व्यवहार आहे. महापालिकेचा वापर परवाना झालेला तयार गाळा घ्या, त्यावर जीएसटी पण लागत नाही, 50 लाख किंवा वरचा व्यवहार असेल तर 1 टक्का टीडीएस तुम्हालाच कापून भरायचाय हे विसरू नका. पार्किंग नसलेला गाळा जुळे सोलापुरात काय आणि नव्या पेठेत काय, फुकट दिला तरी विचार करा. होटगी रोडला घेत असाल तर एक जादा गोष्ट, विमानतळ जवळ आहे म्हणून इमारतीच्या उंचीची एनओसी बघा. 2023 ला साखर कारखान्याची आख्खी चिमणी पाडली त्यासाठी, आपल्या बिल्डरचा चौथा मजला काय चीज आहे. तिथल्या औद्योगिक वसाहतीत सोसायटीची जागा असेल तर एमआयडीसीचा कागद चालत नाही, सोसायटीची एनओसी आणि शेअर सर्टिफिकेट लागतं.

आणि कुणी "एमआयडीसी नको, बाजूची शेतजमीन घ्या, स्वस्त पडते, एनए (बिगरशेती) करून देतो" म्हणालं तर सातबाऱ्यावर वर्ग 1 आहे का वर्ग 2 (म्हणजे विकायला सरकारची परवानगी लागणारी), इतर हक्कात काय लिहिलंय, झोन दाखल्यात औद्योगिक आहे का शेती, हे तीन बघितल्याशिवाय गाडीतून खाली उतरूच नका. हायवेची जमीन असेल तर आत शिरायला एनएचएआयची, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची, परवानगी लागते, नुसतं "टच" असून भागत नाही.

तुमच्या 65 लाखाचं मी काय केलं असतं? कमीत कमी 10 लाख बाजूला ठेवले असते, स्टॅम्प ड्युटी, ट्रान्सफर फी, पत्रे, वायरिंग यात ते जातातच. उरलेल्यात अक्कलकोट रोडला बीसीसी झालेलं, चालू भाडेकरू असलेलं छोटं शेड, लीजची किती वर्षं उरलीत ते बघून. नाही सापडलं तर वर्षभर थांबलो असतो, एफडी काय पळून जात नाही.

रविवारच्या टोकनचं म्हणाल तर एजंटला आजच मेसेज टाका, प्लॉटचं अलॉटमेंट लेटर, करारनाम्याची तारीख आणि शेवटची मुदतवाढ कधीपर्यंत आहे त्याचं पत्र, तीन फोटो व्हॉट्सअ‍ॅपला पाठव, मग पैशाचं बोलू. त्यानं पाठवलेच तर ते इथं खाली टाका, प्लॉट नंबर आणि नावं झाकून, बघून सांगतो.