‘उबीत्की’त नक्की काय काय धरायचं?

गेल्या काही महिन्यांतली निम्मी पत्रं ‘डॅमेजेस’ या एकाच इंग्रजी शब्दावर अडलेली आहेत. रशियाशी होणारा करार ठरतो इंग्रजीत, रशियन मजकूर शेजारच्या रकान्यात येतो, आणि भांडण झालं की पैसे त्या रकान्यातल्या शब्दांवरून मोजले जातात. म्हणून या वेळी सगळ्यांना एकत्रच उत्तरं.

डॅमेज आणि डॅमेजेस, दोन्हींना ‘उश्शेर्ब’ चालेल का? (रशियन पदविकेची विद्यार्थिनी, पुणे)

नाही. माल भिजला, फुटला, सडला तो उश्शेर्ब किंवा व्रेद. करार मोडल्याबद्दल मागायचे ते उबीत्की. आपल्याकडे नुकसान वेगळं आणि नुकसानभरपाई वेगळी, त्यामुळे खरं तर मराठी माणसाला हे इंग्रजांपेक्षा सोपं जायला हवं. रशियन नागरी संहितेच्या कलम १५ नुसार उबीत्कीत दोन गोष्टी येतात: ‘रेआल्नी उश्शेर्ब’ म्हणजे प्रत्यक्ष हानी आणि खर्च, आणि ‘उपुश्शेन्नाया विगदा’ म्हणजे हातचा गेलेला नफा. नुसतं उश्शेर्ब लिहिलंत तर नफ्यावर वाद घालायला समोरच्याला जागा मिळते. गंमत अशी, की आंतरराष्ट्रीय मालविक्रीच्या व्हिएन्ना कराराच्या कलम ७४ च्या रशियन पाठात उश्शेर्बमध्येच बुडालेला नफा धरलेला आहे. रशिया त्या कराराचा सदस्य आहे, भारत नाही. तेव्हा शब्द लिहिण्याआधी कायदा कोणता, ते पाहा.

‘प्रॉफिट अँड लॉस’मधला लॉसही उबीत्कीच का? (सीए, ठाणे)

शब्द तोच, पण तिथे तो तोटा आहे, कुणाकडून वसूल करायची रक्कम नव्हे.

आमच्या व्हॉल्व्हच्या करारात उशीर झाल्यास आठवड्याला ०.५ टक्के, जास्तीत जास्त ५ टक्के ‘लिक्विडेटेड डॅमेजेस’ आहेत. एजन्सीने ‘लिक्विदीरोव्हान्निये उबीत्की’ लिहिलंय. परवा सही आहे. चालेल ना? (निर्यात विभाग, कोल्हापूर)

सही पुढे ढकला. परवा सही असताना आज अनुवाद दाखवायचा, ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

रशियनमध्ये ‘लिक्विदीरोवात’ म्हणजे निकालात काढणं, नाहीसं करणं. चेर्नोबिलची साफसफाई करणाऱ्यांना लिक्विदातर म्हणतात, तोच धातू. तुमच्या खरेदीदाराला तिथे ‘निकालात काढलेलं नुकसान’ असं काहीतरी दिसेल. इंग्रजीत मात्र अर्थ आहे, रक्कम आधीच ठरवून टाकलेली.

मुरलेले अनुवादक इथे ‘नेउस्तोइका’ लिहितात, म्हणजे करार पाळला नाही तर द्यायची, आधीच ठरलेली दंडाची रक्कम. मलाही बहुतेक वेळा तोच शब्द बरा वाटतो. संहितेच्या कलम ३३० मध्ये तो आहे, आणि पैसे मागणाऱ्याला नुकसान सिद्ध करावं लागत नाही. त्याच कलमात त्याचे दोन प्रकार येतात, श्त्राफ आणि पेन्या. श्त्राफ साधारणपणे एकरकमी. उशिराबरोबर वाढत जाते ती पेन्या. सुरुवातीच्या काळात मी एका अख्ख्या करारात सगळीकडे श्त्राफ लिहून ठेवलं होतं. समोरच्या वकिलाने लाल पेन्सिलीने भरलेली पानं परत पाठवली.

पण नेउस्तोइका लिहून सुटका होत नाही. कलम ३३३ नुसार रक्कम उघडउघड अवाजवी असेल तर न्यायालय ती कमी करू शकतं. धंद्यातल्या करारात देणेकऱ्याने तसं मागावं लागतं. हे तुमच्या फायद्याचं. तोट्याचं आहे ते कलम ३९४. करारात किंवा कायद्यात वेगळं काही नसेल, तर नेउस्तोइकाने न भागलेलं नुकसान वरून मागता येतं. आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ मध्ये ठरलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. म्हणजे तुम्ही समजून चालणार की ५ टक्के दिले की मोकळे, आणि खरेदीदार ५ टक्के घेऊन शिवाय त्याच्या बंद पडलेल्या प्लांटचा नफा मागणार! हे दार ‘इस्क्ल्युचीतेल्नाया’ या एका विशेषणाने बंद होतं: फक्त नेउस्तोइका, वर काही नाही. जोडीला ते वाक्यातही स्पष्ट लिहा.

‘झारानेये अत्सेन्योन्निये उबीत्की’, म्हणजे आधीच अंदाजलेली भरपाई, असाही एक पर्याय आहे. कराराला इंग्लंडचा कायदा लागू असेल तर तो मला आवडतो, कारण कल्पना परकी आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. रशियन कायदा लागू असेल तर मात्र रशियन वकिलाला विचारल्याशिवाय वापरू नका. अनुवादकाला नव्हे, वकिलाला.

‘इंडेम्निटी’ला सरळ ‘काम्पेन्सात्सिया’ लिहायचं, असं ग्रुपवर कळलं. (मुंबई)

इंडेम्निटी म्हणजे कुणीही करार मोडलेला नसतानाही, ठरल्याप्रमाणे दुसऱ्याचा तोटा भरून द्यायची हमी. ती त्या शब्दात कुठे दिसते, ते ग्रुपलाच विचारा. १ जून २०१५ पासून संहितेत कलम ४०६.१ आहे, ‘व्हझ्मेश्शेनिये पातेर’, म्हणजे तोटा भरून देणं. इंडेम्निटीच्या सगळ्यात जवळचं हेच, पण जुळं नव्हे. त्यात रक्कम किंवा ती काढण्याची रीत करारातच सांगावी लागते. इंग्रजीतलं एका ओळीचं कलम तसंच उतरवलं तर ते टिकेल याची खात्री नाही. इथेही आधी वकील.

‘प्युनिटिव्ह डॅमेजेस’ला रशियन शब्द? (नागपूर)

म्हणजे प्रत्यक्ष नुकसानापेक्षा जास्त, शिक्षा म्हणून द्यायला लावलेली भरपाई. रशियन नागरी कायद्यात तशी सर्वसाधारण तरतूदच नाही. अर्थ उलगडून लिहा, नुसतं श्त्राफ लिहू नका.

‘रशियन नोटरीच्या शिक्क्यासह अनुवाद एका रात्रीत’, अशी जाहिरात पाहिली. विश्वास ठेवावा का? (नाशिक)

शिक्क्यावर ठेवा, अनुवादावर नको. रशियात नोटरीला स्वतःला ती भाषा येत नसेल, तर तो फक्त अनुवादकाची सही खरी असल्याचं प्रमाणित करतो. आतला शब्द बरोबर आहे असं तो कुठेही म्हणत नाही, आणि जाहिरातवाले हे सांगत नाहीत. एका रात्रीत ४० पानं होतात, पण ते टायपिंग झालं. लागू कायदा कोणता आणि दोन भाषांत फरक पडला तर कुठली ग्राह्य, ही दोन कलमं एजन्सीने काम घेण्याआधी मागितली का? नसतील मागितली, तर कागद परत घ्या.