फिलिपिनो सुऱ्या-तलवारी: आधी सांधा बघा, मग वय विचारा

परत तोच प्रश्न, ‘ही तलवार किती जुनी?’, परत तसाच फोटो: तलवार भिंतीवर, मागे ट्यूबलाइट, पातं नुसतं चकाकतंय. असो, आलेल्या मेलमधले पाच प्रश्न घेतो.

ढालीच्या आकाराच्या फळीवर बारा छोट्या तलवारी आहेत, खाली ‘वेपन्स ऑफ मोरोलँड’ लिहिलंय. किती जुनं असेल?
शोपीस आहे. मोरोलँड म्हणजे फिलिपिन्सच्या दक्षिणेतला मोरो मुसलमानांचा प्रदेश. भिंतीवर छान दिसतं, राहू द्या.

बोलोवर (कोयत्यासारखी सुरी) ‘यूएस’ आणि 1918 कोरलंय. फिलिपिनो ना?
नाही. तो अमेरिकन सैन्याचा, तिकडच्याच कारखान्यातला. फक्त नाव आणि कल्पना फिलिपिन्सची.

दर्यावर्दी मॅगेलनला कॅम्पिलानने (तिथली लांब तलवार) मारलं ना?
1521 ला फिलिपिन्समधल्या माक्तान बेटावरच्या लढाईत हजर असलेला, मॅगेलनच्या सफरीची हकिगत लिहिणारा पिगाफेट्टा मोठ्या, वाकड्या तलवारीसारख्या हत्याराचा वार पायावर बसला एवढंच लिहितो, त्या प्रसंगात कॅम्पिलान हे नाव त्याने घेतलेलं नाही. बाकी सगळं फॉरवर्डमधलं.

जहाजावर असताना मनिलात नागमोडी क्रिस (तिथली दुधारी तलवार) घेतला. दुकानदार म्हणाला 300 वर्षं जुना, वळणं मोजली की वय कळतं. खरंय?
वळणांवरून वय कळत नाही हो! सरळ पात्याचे क्रिसही जुने असतात, आणि पाच-पन्नास वळणं घालून काल बनवलेलेही मिळतात. बघायचं ते मुठीजवळ. पात्याच्या बुडाशी जो रुंद, टोकदार भाग असतो त्याला गांग्या म्हणतात. जुन्या मोरो क्रिसमध्ये तो वेगळा घडवून बसवलेला असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बारीक फट दिसते, भिंग धरलं तर फटीत काळा गंज बसलेला असतो. साधारण 1930 नंतर बऱ्याच कारागिरांनी गांग्या पात्यातच धरला आणि सांधा दिसावा म्हणून नुसती रेघ कोरली. फट आणि रेघ यातला फरक नखाला कळतो. फट सरळ असेल तर जास्त जुनी, टोकाशी तिरकी वळत असेल तर बहुतेक 19 व्या शतकातली किंवा नंतरची. पण हा अंदाज झाला, मूठ किंवा म्यान नंतर बदललेलं असतं आणि तिथेच भले भले फसतात. आणि दुकानदाराला एक विचारायला हवं होतं, खरंच इतका जुना असेल तर फिलिपिन्सबाहेर न्यायला तिथल्या नॅशनल म्युझियमची परवानगी लागते, ती कुठाय? कागद नाही म्हणजे एकतर वय खोटं, नाहीतर तुम्ही अडचणीत. सांध्याचे जवळून दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि वस्तू हातात घेऊन बघणाऱ्याला दाखवा, माझ्या मेलवर विसंबू नका.

त्याच मेलमध्ये खाली लिहिलंय की आईने चिंच-लिंबू लावून घासून चकचकीत केला. पितळी तांब्या नाहीये तो! घासून पृष्ठभाग गेला की लोखंडाच्या थरांची नक्षी पुसट होते, फटीतला काळा गंजही आम्लाने जातो, म्हणजे मला जे बघायचं होतं तेच नेमकं गेलं. लाल गंज असेल तर आजच हलकं मशीन ऑइल लावा, पुढच्या रविवारी नको, आणि पॉलिश पेपर घरात असेल तर लपवून ठेवा.

मुलगा लंडनला शिकतो, त्याला फिलिपिन्समधल्या बातांगासचा बालिसाँग (मूठ दुभंगून उघडणारा बटरफ्लाय नाइफ) पाठवू का?
नको. ब्रिटनमध्ये बटरफ्लाय नाइफ घरात ठेवायलाही बंदी आहे. इथेही विमानात नेण्याआधी एअरलाइनला विचारा, मोठं पातं असेल तर आधी वकिलालाच.