ऑफिसच्या ग्रुपवर वचन टाकू की बंद करू?

प्रश्न : सलाम ताई, मी मूळचा नगरकडचा, सध्या पुण्यात एका खासगी कंपनीत सेल्सला आहे. रोज सकाळी ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बायबलमधलं एक वचन टाकतो. आमच्याकडे पेट्रोलची बिलं सगळेच वाढवून लावतात, मीपण लावतो. परवा बिल भरत होतो तर शेजारचा मित्र म्हणाला, "तुमच्या येशूला हे चालतं का रे?" टोमणा नव्हता तो, खरंच विचारलं त्याने. मला उत्तरच देता आलं नाही. आता वचन टाकणं बंद करू का?

उत्तर : दादा, सलाम. वचनाचं नंतर बघू, आधी बिलाचं बोलू, कारण त्या मित्राने वचनाबद्दल काही विचारलेलंच नाही.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला, १९व्या अध्यायातला जक्कय आठवा. उंबराच्या झाडावर चढलेला तो बुटका माणूस संडे स्कूलमध्ये आपण सगळ्यांनीच ऐकलाय, पण पुढचं आपण पटकन वाचून सोडून देतो. यरीहोतला जकातदारांचा मुख्य तो, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला, येशू घरी आल्यावर उभा राहून सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं अन्यायाने घेतलंय त्याला चौपट परत करतो. विश्वास आला आणि थेट हिशेबाच्या वहीपर्यंत गेला. तुमची वही म्हणजे ते पेट्रोलचं बिल.

म्हणून पुढचं बिल जेवढं खरं तेवढंच लावा. मागचं जमेल तसं आठवून आकडा काढा आणि साहेबांना एकट्यात भेटून सांगा, जास्त घेतलेत, पगारातून कापून घ्या. साहेब चिडतील, कदाचित नोकरीवरही येईल, हे मी लपवत नाही, म्हणून घरच्यांशी बोलून मगच जा. आणि बोलताना इतरांचं नाव काढू नका, फक्त स्वतःचं सांगा.

खरं अवघड पुढेच आहे. तुमचं बिल कमी झालं की बाकीच्यांची बिलं डोळ्यात भरतील, मग "हा लई शहाणा झाला" म्हणून डब्याला बोलावणं बंद होईल, मीटिंगमध्ये तिरकं बोलतील. तिथे तुम्ही कसे वागता त्याला माझ्या मते जास्त किंमत आहे. बायबलमधल्या गलतीकरांस पत्रात आत्म्याचं फळ, म्हणजे पवित्र आत्म्यामुळे माणसात येणारे गुण, सांगताना चांगुलपणा आणि विश्वासूपणाच्या शेजारीच सहनशीलता आणि सौम्यता आहे, तेव्हा प्रामाणिक झालो म्हणून इतरांना कमी लेखायची मुभा मिळत नाही. त्यातल्या कुणाचं टार्गेट अडलं तर पहिला फोन तुमचा जाऊ द्या.

पंडिता रमाबाईंचं बघा ना. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी, निराधार मुलींना केडगावला घेऊन आल्या. अशाच एका दुष्काळात त्यांचे स्वतःचे आईवडील गेले होते. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशन या संस्थेत पुढे आंध‌ळ्यांसाठी बार्तीमय सदन झालं, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन झालं. त्यांच्या धर्मांतरावरून त्या काळी केवढा गदारोळ झाला, पण त्या मुलींना जेवण, शिक्षण आणि हाताला काम मिळालं हे विरोधकांनाही दिसत होतं. एवढं मोठं काम आपल्याकडून होईलच असं नाही, पण ज्याच्या जिवाला जे लागलंय ते आधी करायचं, हे तरी आपल्या हातात आहे.

अजून एक. पैसे परत केले की लगेच रविवारी चर्चच्या उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सगळ्यांना सांगायला, उभे राहू नका. पाळकसाहेबांना सांगायचं तर खासगीत सांगा. लोकांनी वा वा केलं की मन तिथेच अडकतं.

आता वचन. बंद करायची गरज नाही, पण बिलाचं मार्गी लागेपर्यंत थांबलात तरी प्रभू रागावणार नाही. आणि त्या मित्राला उत्तर द्यायचं राहिलंय. चहाला घेऊन जा आणि सरळ सांगा, "नाही रे, नाही चालत, मी बंद केलंय."