वडिलांच्या १९७८ च्या पद्मिनीचं इंटिरिअर : नवं टाकावं की जुनंच दुरुस्त करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की वडिलांच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारीचं इंजिन ठणठणीत आहे, बाहेरून रंगकाम झालंय, पण आत दरवाज्यांचे पॅनल फुगलेत, स्टिअरिंगला चिरा पडल्यात, छताचं लायनिंग लोंबतंय आणि कुशनवाला म्हणतोय, "सगळं काढून टाका साहेब, नवं चकाचक करून देतो."

त्याला आत्ताच हात लावू देऊ नका. काम पुढे त्यालाच द्यायचं असेल तर जरूर द्या, पण काढलेला एकही तुकडा भंगारात जाऊ देऊ नका. पद्मिनीचे इंजिनाचे पार्ट आजही शोधले तर मिळतात, आतल्या वस्तूंचं तसं नाही. फाटकं सीट कव्हर, भुगा झालेला पॅनल, गंजलेली क्लिप, हे सगळं तुमचं माप आहे. ते गेलं की कारागीर अंदाजाने कापतो, आणि तो अंदाज दार लावताना कळतो.

सुरुवात सीटपासून नको, पाण्यापासून करा. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी मारायचं, आधी पुढच्या काचेच्या रबरावर, मग दरवाज्यांवर. कुठून झिरपतंय ते दिसेल. मॅट उचलून खालचा पत्रा बघा; ओलं गोणपाट किंवा नमदा असेल तर तो आधी बाहेर. पत्र्याचं काम, गंजरोधक प्रायमर आणि नवी रबरं झाल्याशिवाय आत एक रुपया घालू नका, नाहीतर एका पावसाळ्यात सगळं परत.

दरवाज्याचे पॅनल म्हणजे रेक्झिन चिकटवलेला हार्डबोर्ड. काच खाली-वर करायचं हँडल ओढून काढू नका. त्याच्या मागची चकती आत दाबली की पिन किंवा क्लिप दिसते, ती बारीक पोगराने (खिळ्यासारख्या ठोकणीने) सरकवायची. पॅनल चपट्या पट्टीने प्रत्येक क्लिपच्या अगदी शेजारी उचलायचा, मधेच उचकटलात तर बोर्ड तुटेल. आतल्या पत्र्यावर प्लॅस्टिकचा कागद आहे का बघा. बहुतेक गाड्यांत तो कधीच फाटून गेलेला असतो, आणि पॅनल फुगायचं खरं कारण तेच : काचेच्या फटीतून उतरणारं पाणी थेट बोर्डवर येतं. जुना पॅनल ठेवून नव्या हार्डबोर्डवर पेन्सिलीने आखा, भोकं जशीच्या तशी पाडा, कडा आणि मागची बाजू वार्निशने दोनदा भरा. मग रेक्झिन. फेविकॉल एसआर दोन्ही बाजूंना पातळ लावून हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं. घाई केली की उन्हात फुगे येतात. आणि प्लॅस्टिकचा जाड कागद विसरू नका. दोनशे मायक्रॉनचा चालतो.

स्टिअरिंग मात्र घरी करण्यासारखं आहे, आणि त्यात मजाही आहे. आत लोखंडी सळई आणि वर कडक प्लॅस्टिक असतं. प्लॅस्टिक वयाबरोबर आकसतं, सळई आकसत नाही, म्हणून दांडा जिथे कड्याला मिळतो तिथे हमखास चीर जाते. चिरेवर नुसती लांबी (पुट्टी) फासली तर ती केसासारखी पुन्हा उघडते. तिकोनी कानशीने चीर व्ही आकारात सळई दिसेपर्यंत उघडा, सळईवरचा गंज घासून काढा, मग साधा, म्हणजे हळू सुकणारा अराल्डाइट किंवा एम-सील थोडा वर येईल इतका भरा. रात्रभर सोडा. पॉलिश पेपर १२० नंबरचा, मग २२०, मग ४००, पाणी लावून. बोट फिरवून सांधा लागला नाही की झालं. डोळ्यावर भरवसा नको. वर इपॉक्सी प्रायमर आणि टू-के पीयू रंग, म्हणजे हार्डनर मिसळून लावायचा पॉलियुरेथेन रंग. साधा ड्युको (गाड्यांचा जुना लॅकर रंग) हाताच्या घामाने निघतो.

हँडलं आणि कड्या यांपैकी पुष्कळ भाग माझकचे, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात. क्रोमवाल्याला हे तोंडाने सांगा. तो लोखंड समजून ॲसिडात टाकेल तर वस्तू खाल्ली जाईल. माझकवर आधी तांब्याचा थर चढवावा लागतो. खड्डे खोल असतील तर घासून घासून हँडल बारीक करून घेण्यापेक्षा थोडे खड्डे राहू द्या, असं माझं मत. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना क्रोमची गरजच नाही, ब्रासो पुरे.

छताचं काम अनुभवी माणसाकडेच द्या. लायनिंग वाकवलेल्या तारांवर टांगलेलं असतं आणि प्रत्येक तारेचा बाक वेगळा. काढताना पुढून मागे एक, दोन, तीन असे चिकटपट्टीचे नंबर लावून घ्या. सीटमध्ये स्प्रिंगा चांगल्या असतील तर त्यांवर पुन्हा काथ्याचा थर आणि पातळ फोम घाला; कुशनवाला सांगतो तसा नुसता जाड फोम घातला तर बसल्यावर स्टिअरिंग मांडीला लागेल.

पार्ट कुठे? पुण्यात असाल तर नाना पेठ आणि रविवारचा जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे. गाडी याच कुर्ल्यात बनायची. फियाट ११०० डिलाइट, मग प्रेसिडेंट, १९७४ पासून पद्मिनी. नावं बदलली तरी आतल्या बऱ्याच वस्तू एकमेकींना लागतात, म्हणून दुकानात तिन्ही नावं सांगा. टॅक्सीच्या भंगारात फार आशा धरू नका. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून बाद झाली, पण टॅक्सीवाल्यांनी आतलं सगळं आपापल्या हौसेने मखमल नि फुलाफुलांच्या रेक्झिनने मढवलेलं असायचं. तिथून त्रिकोणी काचेची खिट्टी, काच वर-खाली करायची मशीन, एखादं नॉब मिळालं तर घ्या, पॅनल नको.

दरवाज्याच्या आतल्या बाजूचा आणि स्टिअरिंगचा जवळून फोटो टाका, कुठल्या प्रकारची क्लिप आहे ते बघून सांगतो.