मुलाने लीगच्या करारावर सही करावी का?

न्यू जर्सीहून एका आईने लिहिले आहे : “मुलगा अकरावीत आहे, बास्केटबॉल खेळतो, उंची सहा फूट चार इंच. कॉलेजच्या मागे न लागता पगार देणाऱ्या एखाद्या विकास लीगचा विचार करा, असे त्याचे प्रशिक्षक म्हणतात. मुलाचे बाबा एच-१बी व्हिसावर आहेत आणि आम्ही ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत. काय करावे?”

प्रशिक्षकांचा सल्ला चार-पाच वर्षांपूर्वी रास्त ठरला असता. एनबीए या अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक बास्केटबॉल लीगने नवे खेळाडू घडवणारी आपली विकास लीग, म्हणजे आजची ‘जी लीग’, २००१ मध्ये सुरू केली. पण हायस्कूल संपवून आलेल्या गुणवान मुलांना ओढून घेण्याची ताकद तिच्यात आली ती २०२० मध्ये, खास अशा मुलांसाठी ‘इग्नाइट’ हा संघ उभारल्यावर. जेलन ग्रीन त्या संघात गेला आणि २०२१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. पंजाबचा प्रिन्सपाल सिंग पहिल्या हंगामात त्याच संघात होता. पाठोपाठ अटलांटात ‘ओव्हरटाइम एलीट’ ही लीग आली आणि १६ ते १८ वर्षांच्या मुलांना वर्षाला किमान १ लाख डॉलर देऊ लागली. आता कॉलेज बास्केटबॉल ओस पडणार, अशी भाकिते तेव्हा सर्रास ऐकू येत होती.

घडले उलटेच. १ जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपले नाव आणि चेहरा वापरू देण्याच्या मोबदल्यात पैसे घेण्याची मुभा मिळाली आणि लीगकडचे मुख्य आमिषच बोथट झाले. कॉलेजमध्ये तेवढेच किंवा जास्त पैसे, वर भरलेली स्टेडियम आणि पदवीही मिळणार असेल, तर रिकाम्या खुर्च्यांसमोर कोण खेळेल? २०२४ मध्ये इग्नाइट बंद झाला. ओव्हरटाइमने त्याआधीच पगाराऐवजी शिष्यवृत्ती घेऊन कॉलेजचा दरवाजा उघडा ठेवण्याचा पर्याय दिला होता. २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर तर विद्यापीठेच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली असून त्याची पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती.

तुमच्या मुलाला बोचणारा परिणाम मात्र वेगळाच आहे. लीगमध्ये पगार घेऊन खेळलेले खेळाडू आता कॉलेजकडे वळू लागले आहेत. इग्नाइटचा माजी खेळाडू थिएरी डार्लान २०२५ मध्ये सांता क्लारा विद्यापीठाच्या संघात दाखल झाला. म्हणजे अठराव्या वर्षी तुमच्या मुलाला जागेसाठी ज्यांच्याशी झुंजावे लागेल, त्यांत काही जण वयाने, अंगाने आणि अनुभवाने त्याच्यापेक्षा पुष्कळ मोठे असतील. एका दमदार उन्हाळी स्पर्धेवरून हुरळून जाऊ नका, हे मी थोडे कठोरपणे सांगतो, कारण शनिवारी सकाळी थालिपिठाचा डबा मांडीवर घेऊन जिमच्या बाकांवर बसलेले आईबाप मी पाहिले आहेत आणि त्या बाकांवर हिशेब फार लवकर मोठे होतात.

आता खरी अडचण, जी प्रशिक्षकांच्या ध्यानातही आली नसेल. तुमचा मुलगा बहुधा एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर असेल, आणि त्या व्हिसावरच्या मुलाला कमाई करता येत नाही. मग पैसे लीगचे असोत की जाहिरातीचे. एकविसाव्या वर्षी त्याचा हा दर्जाही संपेल, तोवर ग्रीन कार्ड हाती आले नाही तर बहुतेकांप्रमाणे त्याला विद्यार्थ्याच्या एफ-१ व्हिसावर जावे लागेल आणि तिथेही कामावर कडक बंधने आहेत. बरोबरीच्या अमेरिकी मुलाने बिनधास्त सही केलेला कागद तुमच्या मुलाच्या पुढच्या अर्जांना नडू शकतो. म्हणून कोणत्याही करारावर, अगदी फुकट बुटांच्या करारावरही, सही करण्याआधी तो इमिग्रेशन वकिलाला दाखवा. एजंटने सुचवलेल्या वकिलाकडे न जाता तुमचा स्वतःचा वकील गाठा.

दरम्यान या आठवड्यातच शाळेच्या समुपदेशकांना भेटा. पहिल्या श्रेणीच्या कॉलेजात खेळण्यासाठी एनसीएएला, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेला, हायस्कूलचे १६ ठरावीक विषय लागतात आणि त्यांतले १० बारावी सुरू होण्यापूर्वी पूर्ण व्हावे लागतात. मुलगा अकरावीत आहे, म्हणजे हाताशी उरला आहे तो फक्त या वर्षाचा उरलेला काळ आणि एक उन्हाळा.