दोन ओव्हरचा काउंटी क्रिकेटर

प्रश्न: दादा, रविवारी मेरी वेदर ग्राउंडवर खेळून झाल्यावर आमच्यात लय वाद झाला. मी म्हटलं इंग्लंडमध्ये एक जण आयुष्यात एकच काउंटी मॅच खेळला आणि ती पण दोन ओव्हरची. मित्र म्हणतो असल्याला काउंटी क्रिकेटर म्हणत असतील तर मग मी पण क्रिकेटर. मिसळीची पैज लागलीय, खरं काय ते सांगा.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: मिसळ तुझी भावा. त्या माणसाचं नाव फ्रेडरिक हायलंड, १९२४ साली हॅम्पशायरकडून नॉर्थॅम्प्टनशायरविरुद्ध खेळला, मॅच नॉर्थॅम्प्टनला. तेव्हा काउंटी मॅच तीन दिवसांची असायची, पण पावसानं असा धिंगाणा घातला की खेळ झाला फक्त दोन ओव्हर. नॉर्थॅम्प्टनशायर बिनबाद १, संपलं. बॅटिंग समोरच्यांची, म्हणजे हायलंडला बॅट हातात धरायलाच मिळाली नाही, बारा बॉल फिल्डिंग झाली आणि त्यानंतर परत कधी टीममध्ये नाव आलं नाही. आपल्याकडं जुलैत मॅच ठेवली की काय होतं ते तुला सांगायला नको.

तरी रेकॉर्डमध्ये तो फर्स्ट क्लास क्रिकेटर, कारण बॉल पडला होता आणि अकरा जणांत त्याचं नाव होतं. काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा, पण आपल्या जिल्हा टीमसारखं समजू नकोस, आपल्या रणजीच्या तोडीचं ते. आणि हा गडी हौशी नव्हता, पैसे घेऊन खेळणारा प्रोफेशनल होता, म्हणजे तुझ्या मित्राचा क्लेम तिथंच आउट. पुढं चेशायरमध्ये त्यानं नर्सरी चालवली, रोपांची हं, त्यात चांगलं नाव कमावलं. पाऊस तिथं तरी कामाला आला असणार.

आणि छोटं करिअर म्हणजे कच्चा खेळाडू असंही काही नाही बरं का. सचिन यॉर्कशायरकडून एकच सीझन खेळला, १९९२ ला, वय १९, यॉर्कशायरचा पहिला परदेशी खेळाडू, तोही आधी ठरलेला ऑस्ट्रेलियाचा बॉलर क्रेग मॅकडरमॉट जखमी झाला म्हणून. १६ मॅच, १०७० रन. गावसकर पण सॉमरसेटकडून १९८० चा एकच सीझन.

उलटं उदाहरण तर आपल्या गावचंच आहे. भाऊसाहेब निंबाळकर, जन्म कोल्हापूरचा. १९४८ ला पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३, ब्रॅडमनचा ४५२ रनांचा रेकॉर्ड मोडायला १० रन हवे होते तर समोरच्या कॅप्टननं मॅचच सोडून दिली! एवढं करूनही टेस्ट एक पण नाही, हे मला अजून पटत नाही.

मित्राला हे दाखव आणि मिसळ खाताना कट जास्त माग, पैसे तोच देणारंय.